कमान कोणती घ्यावी?

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत मिसुरी राज्यात असतो. आमचे बोलणे अर्धे दखनी, अर्धे मराठी असे चालते. ख्यालीखुशाली झाल्यावर तो म्हणाला, "मामू, मला कमान घ्यायचीय. कोणती घेऊ?" मला वाटले, पोराने घर बांधायला काढले असेल आणि दाराला कमान करायची असेल. मी म्हटले, "बेटा, दगडी कर, विटांची टिकत नाही." तो हसला. म्हणाला, "ती नव्हे मामू, तीरकमानवाली. शिकारीसाठी."

मामू कवी आहे, बी.ए.ला त्याचा इतिहास होता, म्हणजे त्याला सगळे ठाऊक असणार, हा आमच्या घरातला जुना गैरसमज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन. "भाईजान, त्याला समजवा. खाटकाच्या दुकानात उभं राहायला घाबरायचा हा पोरगा, आता हरणं मारणार म्हणतो." मी दोघांनाही "बघतो" म्हणालो आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, आणि नंतर जे घडले, ते आज सांगतो आहे.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार ही गोष्ट, निदान कायद्याच्या दृष्टीने, जुन्या आठवणींत जमा झाली. तिकडे तसे नाही. मिसुरीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणे जवळजवळ संपली होती. शिकार बंद करून, बाहेरून हरणे आणून सोडून ती वाढवली गेली. आज ती दहा लाखांहून अधिक आहेत, आणि लांडगा त्या रानातून केव्हाच गेलेला आहे. त्यामुळे ठरलेल्या महिन्यांत, परवाना काढून, मोजकी हरणे मारायला मुभा असते. बंदुकीचे दिवस थोडे, धनुष्याचे दिवस पुष्कळ. भाच्याच्या कचेरीतले अर्धे लोक शरद ऋतूत रानात जातात. त्यालाही जावेसे वाटले.

आधी शब्दाकडे वळतो, कारण माझा धंदाच तो. तीर फारसी, कमान फारसी, आणि ज्याला आपण शुद्ध मराठी समजून वर्तमानपत्रात छापतो तो तिरंदाजही फारसीच. धनुष्य आणि बाण देवळात राहिले, पुराणात राहिले. शिपायाच्या हातात तीरकमान आली. पुढे बंदूक आली तेव्हा कमान घराच्या दारावर चढली आणि घड्याळाच्या पोटात शिरली. कच्छमध्ये कमानगर नावाची मुसलमान जमात आहे. पूर्वी धनुष्ये बनवायची. धनुष्यांना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा त्यांनी तोच रंगाचा हात भिंतींवर चालवला, आणि तिथल्या जुन्या वाड्यांतली चित्रे कमानगरी म्हणून ओळखली गेली. उत्तरेत काही कमानगर हाडे बसवणारे झाले. शिंग, लाकूड आणि स्नायू एकमेकांना धरून कसे राहतात हे ज्याला कळते, त्याला मोडलेला हातही कळत असावा.

आता अमेरिकेकडे येऊ. तिथल्या गोऱ्या माणसाने धनुष्याची शिकार दोनदा शिकली असे म्हणता येईल. पहिल्यांदा ती पराभवातून. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे दोघे भाऊ. हरलेल्या सैनिकांना बंदूक बाळगायला मनाई होती म्हणून त्यांनी धनुष्य उचलले, असे सांगतात. मॉरिसने १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि बायाबापड्यांसह सारा देश हिरवळीवर तिरंदाजी करू लागला. ती लाट आली तशी ओसरली. दुसरी शिकवणी मात्र वेगळीच होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. बाकीचे सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी मारले होते, किंवा रोगाने आणि उपासमारीने गेले होते. विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी, आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन यांनी, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवले. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. स्वतःचे नाव स्वतः उच्चारायचे नाही अशी त्याच्या लोकांची रीत होती, आणि उच्चारणारे दुसरे कुणी उरले नव्हते. म्हणून त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'.

शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक होते. इशीवर उपचार करता करता ते त्याचे शागीर्द झाले. इशी धनुष्य करी ते जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर हरणाचे स्नायू चिकटवलेले. त्याचे माप? हात आडवा लांब करायचा. त्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत जेवढे अंतर, तेवढे धनुष्य. रुंदी बोटांनी मोजायची, मोठ्या जनावरासाठी एक बोट जास्त. म्हणजे धनुष्य हे ज्याच्या त्याच्या अंगावरून बेतायचे, शिंप्याने सदरा बेतावा तसे. खेच सुमारे ४०-४५ पौंड. माझे वडील पौंडाला रत्तल म्हणत, तर चाळीसेक रत्तल म्हणा. वापरात नसेल तेव्हा धनुष्य आडवे ठेवायचे, कारण उभे ठेवले तर ते काम करत राहते, त्याला घाम येतो आणि ते कमजोर होते, असे इशीचे म्हणणे. दोरी तो अंगठ्याने ओढी. तुर्क, मोगल, तातार ज्या पद्धतीने ओढत, तिच्याच घराण्यातली ती रीत. शहाजहानची अशी अंगठ्यात घालायची जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहा आणि रानातला एकटा माणूस, दोघांचा अंगठा दोरीवर एकाच जागी.

इशी बहुधा दहा ते पन्नास यार्डांवरून तीर सोडी. लांबून मारण्यात त्याला काही शौर्य वाटत नसे. तो जनावराला आवाज काढून जवळ बोलावी आणि वाट पाही. १९१४ च्या मे महिन्यात तो या मित्रांना घेऊन आपल्या मुलखात, डियर क्रीकवर जाऊन आला. २५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने वारला. प्रेताची चिरफाड करू नये असे क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून लिहून कळवले होते, तरी ती झाली. त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पाठवला गेला आणि २००० सालापर्यंत तिथेच राहिला. त्या वर्षी तो त्याच्या नात्यातल्या जमातींना परत मिळाला. ज्यांनी त्याच्याकडून विद्या घेतली त्यांच्याच वर्तुळात हे घडले. पोप यांचे १९२३ चे शिकारीवरचे पुस्तक आजही वाचले जाते, आणि वाचताना त्यांचे इशीवरचे प्रेम खरे वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पोप आणि त्यांचे साथीदार आर्ट यंग यांच्यामुळे धनुष्याच्या शिकारीला पुन्हा मान मिळाला. १९३४ साली विस्कॉन्सिनने धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम दिला, मग इतर राज्यांनी. आणि मग आला आमच्या भाच्याच्याच राज्यातला माणूस.

हॉलिस विल्बर ॲलन हे मिसुरीचे. शिकारी होते. त्यांची तक्रार प्रत्येक शिकाऱ्याची असते तीच: दोरी सुटल्याचा आवाज ऐकून हरीण दचकते आणि तीर पोचेपर्यंत जागेवर नसते. तीर जास्त वेगाने गेला पाहिजे. त्यांनी आपल्या धनुष्याची दोन्ही टोके करवतीने कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. २३ जून १९६६ ला पेटंटसाठी अर्ज केला, ३० डिसेंबर १९६९ ला ते मिळाले. कंपाऊंड धनुष्य म्हणतात ते हेच. टॉम जेनिंग्ज नावाच्या धनुष्यकाराने ते कारखान्यात करायला घेतले.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून शब्दांनीच सांगतो. साधे धनुष्य जसजसे ओढाल तसतसे जड होत जाते, आणि पूर्ण ओढल्यावर सर्वांत जड असते. नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला नेम धरायचा असतो, म्हणजे हात थरथरणार तेव्हाच स्थिर राहायचे. ॲलन यांनी कप्पीचे भोक मध्यावर न पाडता कडेला पाडले. विहिरीवरची कप्पी अशी असती तर बादली वर येताना मध्येच जड आणि मध्येच हलकी लागली असती. इथे तेच होते: मध्यापर्यंत पूर्ण जोर लागतो, मग कप्पी फिरते आणि भार उतरतो. आजच्या धनुष्यात तो सत्तर-ऐंशी टक्के, कधी त्याहूनही जास्त उतरतो. ७० पौंडांचे धनुष्य शेवटी हातात १४ पौंडांचे लागते. जोर सगळा धनुष्याच्या हातांत साठलेला, आणि माणूस आरामात उभा.

जुन्या तिरंदाजांनी नाके मुरडली. हे धनुष्य नव्हे, यंत्र आहे, म्हणाले. मुक्तछंद आला तेव्हा आमच्यातल्या बुजुर्गांनी जे म्हटले तेच. काही वर्षांत दुकाने या यंत्रांनी भरली.

तर भाच्याला कोणते सांगायचे? मला जेवढे कळले ते मी सांगितले. पहिले, ओढ किती लांब हवी. दोन्ही हात बाजूला पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा, अडीचने भागा. सत्तर इंच भरले तर अठ्ठावीस इंच. इशीचीच गोष्ट: माप अंगात आहे, दुकानात नाही. साधे धनुष्य थोडे कमीजास्त ओढले तरी चालते. हे मात्र ठरलेल्या जागी येऊन थांबते, म्हणून माप चुकले की सगळे चुकले. दुसरे, धनुष्याची लांबी. स्पर्धेत उभे राहून मारायचे तर लांब धनुष्य स्थिर राहते. झाडावर मचाणात बसून मारायचे तर तीस-तेहतीस इंचांचे, फांदीला न अडकणारे. तिसरे, मुठीपासून दोरीचे अंतर. ते कमी असेल तर तीर वेगवान, पण हाताची जराशी चूकही तिरात उतरते. नवख्याने ते थोडे जास्त घ्यावे. आणि चौथे, खेच. इथे मी नुसते "झेपेल तेवढी घे" म्हणालो. यापेक्षा गुळमुळीत सल्ला दुसरा नसेल. त्याचा मला आजही पस्तावा आहे.

दुकानात भाचा गेला तेव्हा शेजारी एक धिप्पाड गृहस्थ ७० पौंडांचे ओढत होते. विक्रेत्याने याला विचारले, "तुम्हालाही तेच ना?" पस्तिशीचा पुरुष, भोवती चार लोक बघत आहेत, नाही कसे म्हणणार? त्याने धनुष्य आभाळाकडे उचलले, दात आवळले, आणि ओढले. झेपले. त्याने घेतले. मला फोटो पाठवला. मी "माशाअल्लाह" लिहून पाठवले.

नोव्हेंबर उजाडला. पहाटेची थंडी, अंगावर चार कपडे, तीन तास मचाणावर न हलता बसलेला. तीस यार्डांवर हरणी आली. आता दुकानातल्यासारखे उभे राहून, आभाळाकडे हात करून ओढता येईना, आणि बसल्या जागी, हळू, हात समोर ठेवून ७० पौंड येईनात. त्याने जोर केला, धनुष्य वर उचलले गेले. हरणीने मान वर केली. तिचे अंग ताठ झाले. त्याने तीर सोडला.

मी नंतर कागदावर हिशेब केला. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. साध्या धनुष्याचा तीर सेकंदाला १८० फूट जातो असे धरले तर त्याला अर्धा सेकंद लागेल. कंपाऊंडचा तीर ३०० फूट जातो. त्याला सेकंदाचे तीन दशांश. आणि दोरीचा आवाज? तो सेकंदाला अकराशे फुटांहून अधिक वेगाने जातो. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तो हरणीच्या कानात. म्हणजे ॲलन ज्यासाठी करवत घेऊन बसले ती शर्यत कुठलेच धनुष्य जिंकत नाही. हरीण नेहमी आधी ऐकते. शांत चरत असेल तर ते ऐकून उमजायच्या आत तीर येतो. सावध झालेले असेल तर उडी घेण्यासाठी खाली बसते, वळते, आणि तीर भलतीकडे लागतो. वेग नव्हे, आवाज न करता आणि न हलता ओढता येणे, यावर त्या जिवाचे बरेवाईट ठरते.

हरणी वळली. तीर काळजाऐवजी पोटात लागला. ती गेली. जाणत्या शेजाऱ्याने फोनवर सांगितले की अशा वेळी मागे धावायचे नाही, ती आणखी लांब पळेल. तास न् तास थांबायचे. आमच्याकडे संध्याकाळ होती तेव्हा भाच्याचा फोन आला. तो बोलत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "मामू, ती कुठेतरी पडलीय आणि जिवंत आहे." त्या रात्री तो झोपला नाही, मीही नाही. बहिणीला मी काही कळवले नाही.

दुसऱ्या दिवशी ती सापडली. पोटात तीर लागलेले हरीण पाण्याकडे जाते म्हणतात. ती ओढ्यात पडलेली होती, मेलेली. आता त्याचा प्रश्न असा: "मामू, ही चालेल का? बिस्मिल्ला म्हणूनच सोडला होता."

शिकारीबद्दलची एक हदीस मदरशात न गेलेल्यालाही माहीत असते, पण मी ती त्या दिवशी पुन्हा नीट वाचली. अदी इब्न हातिम यांनी पैगंबरांना शिकारीचे बारीकसारीक प्रश्न विचारले होते. जनावर तिराच्या धारेने मेले तर खावे. तिराच्या आडव्या माराने मेले तर ते ठेचून मेलेले, खाऊ नये. एक-दोन दिवसांनी सापडले आणि अंगावर तुमच्या तिराशिवाय दुसरी खूण नसेल तर खावे. पण पाण्यात पडलेले सापडले तर खाऊ नये, कारण तिराने मारले की पाण्याने, हे तुम्हाला ठाऊक नाही. मी भाच्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कुणीतरी तेव्हाही ओढ्यात उतरून बघितलं होतं." हरणीचे मांस शेजाऱ्याने नेले. हंगामाचे उरलेले दिवस भाचा रानात गेला नाही.

त्या हिवाळ्यात मला चौदाव्या शतकातल्या एका माणसाची माहिती मिळाली. तयबुगा अल्-बक्लमिशी, मामलूक सुलतानांच्या राज्यातला तिरंदाज. त्याने सुमारे १३६८ साली तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला, आधी पद्यात आणि मग त्या पद्यावर स्वतःच गद्यात टीका. हे वाचून मला बरे वाटले. आपली कविता लोकांना कळत नाही म्हणून आपणच तिचा अर्थ लिहिणारे कवी तेव्हाही होते. १९७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. अशा जुन्या अरबी ग्रंथांत धनुष्य निवडण्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे सांगणे आहे: धनुष्य तुमच्या ताकदीहून कमी असावे. हलक्यापासून सुरुवात करा. तुम्ही त्याचे धनी असा, ते तुमचे होऊ देऊ नका. सहाशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे मला जुलैमध्ये सापडले असते तर!

इथे एक गोष्ट घरची. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेत याच कंपाऊंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. हरणासाठी निघालेले ॲलन यांचे यंत्र आपल्याकडे आले ते फक्त कागदाच्या वर्तुळांसाठी. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र जोडीचा कंपाऊंड प्रकार घ्यायचे ठरले आहे. मी भाच्याला अदितीचा व्हिडिओ पाठवला. "हिचा हात बघ," मी लिहिले, "आभाळाकडे जातो का?"

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा दुकानात गेला. या वेळी त्याने खुर्ची मागितली. खुर्चीवर बसून, जाड कोट घालून, हात समोर ठेवून, मनात दहा मोजत हळू ओढले. मग पूर्ण ओढलेले धरून ठेवले. मग तीर न सोडता तितक्याच हळू परत आणले. हे परत आणणेच अवघड असते. जड धनुष्य तिथे माणसाला पुढे खेचते. ६५ला हात हलला. ६०ला थोडा हलला. ५५वर तो थांबला. हरणाच्या शिकारीसाठी जिथे खेचीची अट आहे तिथे ती बहुधा ३० ते ५० पौंडांच्या दरम्यान असते, म्हणजे ५५ पुरेसे होते. पहिल्या वर्षीही होतेच. विक्रेता म्हणाला, "स्क्रू पिळून पुढे वाढवता येईल." हा म्हणाला, "नको."

त्या नोव्हेंबरमध्ये त्याने तीनदा धनुष्य ओढले. दोनदा हरीण वळले म्हणून परत आणले. तिसऱ्यांदा वीस यार्डांवरून सोडला, आणि हरीण चाळीस पावलांवर पडले. संध्याकाळी त्याने आईला स्वतःच फोन केला. मी बहिणीला विचारले, काय म्हणालीस? ती म्हणाली, "मी काय म्हणणार भाईजान? विचारलं, पटकन गेलं ना? हो म्हणाला. मग त्याला काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं."